तोंडात घास आणि पडद्यावर यान

मी यवतमाळजवळच्या नेरला गेलो तो एका यंत्रात दोष शोधायला. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख एवढंच म्हणाले होते की मिलिंदनं काय केलंय ते नीट पाहून ये आणि तिथूनच फोन कर. पण बडनेऱ्याला रेल्वेतून उतरलो तेव्हा माझ्या मनात दोष शोधण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. ते आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे तर्री-पोह्यांचं आणि कपाशीचं वर्णन वाचताना कुणाचा माझ्याविषयी गैरसमज व्हायला नको.

आमचं काम थोडक्यात सांगायला हवं. पुढच्या काळात माणूस संगणक आणि अंतराळयानं कशानं चालवील, हा आमचा विषय. यान सुटतं तेव्हा आतल्या माणसाचं अंग इतकं जड होतं की हात उचलून बटण दाबणंही कठीण. यानाबाहेर काम करताना जाड हातमोज्यात बोटं असून नसल्यासारखी. मग हुकूम द्यायचा कशानं? कुणी आवाजाच्या मागे आहे, कुणी नजरेच्या. आम्ही चेहऱ्याच्या स्नायूंच्या मागे आहोत. दात आवळले, भुवई उचलली, जीभ टाळूला लावली की त्वचेवर विजेची बारीक लहर उमटते. ती पकडायची आणि तिच्यावर यान वळवायचं. त्यासाठी मी एक टोप बनवला आहे. माझी उमेदीची वर्षं त्या टोपात गेली. त्याला एकच खोड आहे. माणसानं आवंढा गिळला की यान डावीकडे वळतं. म्हणून आमच्या चाचणीच्या खोलीवर पाटी आहे: आत येण्यापूर्वी काही खाऊ नये, आत बोलू नये.

मिलिंद पूर्वी माझ्या शेजारच्या टेबलावर होता, मला कनिष्ठ. त्याच्या थोरल्या बहिणीला अपघात झाला, ती अंथरुणाला खिळली, आणि हा नोकरी सोडून गावी गेला. यवतमाळच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागला. त्याच्या निरोपाच्या दिवशी मला वाईट वाटलं होतं, आणि थोडं हलकंही. आता बातमी अशी आली होती की बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सुट्या भागांतून त्यानं एक यंत्र बनवलंय आणि त्याची बहीण त्यावर संगणक चालवते.

माझ्या फोनवर दोन गोष्टी ठरणार होत्या. मी चांगलं सांगितलं तर पुढचं काम मिलिंदकडे जाणार होतं आणि यंत्राला शिकवायची नोकरी त्याच्या बहिणीला मिळण्याची शक्यता होती. वाईट सांगितलं तर माझा टोप पुढे चालू. म्हणजे माझ्याच वस्तूचा निकाल आणायला मी निघालो होतो. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

नेर

स्टँडवर मिलिंद मोटारसायकल घेऊन उभा होता. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, तरी माझ्यापेक्षा तरुण दिसतो. बॅग टाकीवर ठेवून त्यानं आधी मला पोहे खायला नेलं. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर पेरतात. इथं हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात आणि मग पाहुणा ते कसं खातो हे सगळे बघत बसतात. दुसऱ्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पाहुने पुन्याचे का?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"हाव," मिलिंद म्हणाला. "रॉकेटवाले आहेत."

"मंग एवढ्यात काहून रडून राह्यले?"

सगळे हसले, मीही हसलो. पण मला झोंबली ती तर्री नव्हती. तिथं बसलेला प्रत्येक माणूस मिलिंदला ओळखत होता. कुणी ताईची तब्येत विचारत होतं, कुणी त्याच्या यंत्राची. माझ्या इमारतीत माझं नाव लिफ्टशेजारच्या पाटीवर आहे, आणि ते वाचताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

मिलिंदच्या गावाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कपाशी. लांबून पांढरी दिसते, आणि मी 'पीक छान आहे' असं काहीतरी बोलून गेलो. मिलिंदनं गाडी थांबवली, एक बोंड तोडून माझ्या हातात फोडून दाखवलं. आत गुलाबी अळी, आणि सरकीच्या जागी भुगा. गेली काही वर्षं अशीच चालली होती, तो म्हणाला. आमच्याकडे दोन माणसं भेटली की एकमेकांना फोनमधले फोटो दाखवतात. इथं बोंडं फोडून दाखवत होते.

मिलिंदचं घर दोन खोल्यांचं, स्लॅबचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खिडकीशी एक खाट. खाटेवर विशाखाताई. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. पावसाळ्यात स्कूटरवरून पडल्या आणि मानेखालचं सगळं थांबलं. अशा ठिकाणी जाताना आपण चेहरा तयार करून जातो, तसा मीही केला होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, ते तोंड बदला. तसं तोंड घेऊन लय लोक येऊन गेले."

मिलिंदनं त्यांच्या गालांवर, हनुवटीखाली आणि भुवईवर पट्ट्या चिकटवल्या. आमच्या टोपासमोर त्या पट्ट्या म्हणजे पोरखेळ. पडद्यावर एक यान आणि लांब एक अवकाशस्थानक. यान नेऊन स्थानकाच्या दाराला अलगद लावायचं, आमच्याकडचीच चाचणी. विशाखाताईंनी ते लावलं, आणि लावताना त्या आतल्या खोलीतल्या आईला अंबाडीच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून बोलत होत्या.

बोलत होत्या. माझ्या टोपाखाली माणसानं श्वास जोरात सोडला तरी मी हात वर करून चाचणी थांबवतो.

संध्याकाळी जेवताना पुढच्या काळाची गोष्ट निघाली. मी म्हणालो, परदेशात काही जण मेंदूतच तारा घालून पाहतायत. उद्या नुसत्या विचारावर यान चालेल, मग गाल आणि भुवया कोण विचारतो. मिलिंदला थोडं लहान करावं म्हणूनच मी ते काढलं होतं. उत्तर ताईंनी दिलं.

"विचारावर चालनारं यान नको बावा. मी इथं पडल्या पडल्या दिवसभरात किती जनांले मनातल्या मनात विहिरीत ढकलते. ते सगळे जातीन ना खाली."

मिलिंद आणि आई हसले. ताई हसल्या नाहीत, हे मी तेव्हा पाहिलं आणि त्याचा काही अर्थ लावला नाही. मला वाटलं, त्यांची सांगण्याची पद्धत तशी असेल. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. त्या वेळी माझ्या डोक्याला तारा लावल्या असत्या तर मिलिंदचं ते यंत्र खाटेवरून उचलून भिंतीवर आपटलं गेलं असतं.

जेवण झाल्यावर ताई मला म्हणाल्या, "साहेबाले काय सांगाचं ते तुमी सांगा. मी मधात बोलत नाही. फक्त एक. कौतुक मले नको, ते लय झालं. येतात, फोटो काढतात, जातात. मले काम पाह्यजे. मास्तरीन आहो मी. ढ पोरं शिकवली, हे तं यंत्र आहे."

मी "बघू" म्हणालो. शिक्षकाला 'बघू'चा अर्थ कळतो.

यवतमाळ

दुसऱ्या दिवशी मिलिंद मला त्याच्या महाविद्यालयात घेऊन गेला. फाटकासमोर ओळीनं पानठेले. प्रत्येक ठेल्यावर एकच काम चाललेलं: सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून लाकडी फळीवर घोटणं. तो खर्रा. आमच्याकडे तंबाखू खाणारे निदान आडोसा शोधतात. इथं खर्रा म्हणजे हवापाणी. रिक्षावाला, कारकून, प्राध्यापक, वर्गात येणारी मुलं, सगळ्यांचा एक गाल फुगलेला आणि जबडा हलता. बरेच जण बोलतात ते मान थोडी वर करून, थुंकी सांभाळत. मिलिंद स्वतः खात नाही. जबडा उघडेनासा झालेली माणसं त्याच्याही नात्यात आहेत, आणि सोडा म्हणून तो मुलांच्या मागे लागलेला असतो.

यंत्र पहिल्यांदा दाखवलं तेव्हाची हकीकत त्यानं मला त्याच्या खोलीत बसून सांगितली. प्राचार्यांनी उत्साहानं पट्ट्या स्वतःलाच लावून घेतल्या. गालात खर्रा होता. तो काढायचा असतो हे त्यांना सुचलं नाही, सांगायचं असतं हे मिलिंदला सुचलं नाही. पडद्यावरचं यान गरगर फिरलं, स्थानकावर आपटलं, मागे आलं, पुन्हा आपटलं. प्राचार्य म्हणाले, यंत्रात दम आहे, पण डोकं नाही.

"मंग मी रिकाम्या तोंडाचे लोक शोधाले निघालो," मिलिंद म्हणाला. "भाऊ, यवतमाळात ते मी आनू कुठून? एक पोट्टा भेटला, त्याच्या तोंडात च्युइंगम. एक चपराशी भेटला, त्याले दात नोहते."

शेवटी त्यानं उलटं केलं. खा म्हणाला. खर्रा खा, भाकर खा, ऊस खा, बोला, खोका, शिव्या द्या. सगळ्यांचे जबडे त्यानं नोंदून घेतले आणि यंत्राला शिकवलं की हे चघळणं आहे, याच्याकडे लक्ष देऊ नको. यांतून जे वेगळं उठून येतं तो हुकूम. ताईंचं खाणं-बोलणं त्यानं घरी वेगळं नोंदवलं.

मी पट्ट्या लावून बसलो. त्यानं माझ्या तोंडात सुपारीचं खांड दिलं. मी ते चावत राहिलो, आणि यान सरळ गेलं.

हे इतकं सोपं होतं. मी माझ्या यंत्रासाठी माणसाचं तोंड बंद केलं, दारावर पाटी लावली, आणि पाटी कधी काढता येईल याचा विचारही केला नाही. त्याच्यापाशी पाटी पाळणारा माणूसच नव्हता. खर्रा खाणाऱ्या गावात राहायला आला म्हणून याला सुचलं, मी आलो असतो तर मलाही सुचलं असतं, असं मी परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर मागे बसून स्वतःला पटवत होतो. ते खरं नाही. मी आलो असतो तर गावाला नावं ठेवली असती.

आणि तरीही, घरी पोचेपर्यंत मला एक फट सापडली होती. खर्रा, भाकरी, ऊस, सगळं चावायचं. मऊ पदार्थ माणूस चावत नाही, नुसता गिळतो. माझा टोप आवंढ्यावर मरतो. त्याचं यंत्रही तिथंच मरावं.

देवकाबाईंचं वावर

शेजारच्या देवकाबाईंच्या वावरात त्या दिवशी सीतादही होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी इकडे शेतातच छोटी पूजा करतात. कपाशीच्या झाडापाशी दगड मांडून कुंकू लावतात, झाडाला सूत गुंडाळतात, दही शिंपडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग पहिली बोंडं वेचतात. आमच्या बाजूला ऊस. तोड सुरू होते तेव्हा आमच्याकडे कारखान्याचा भोंगा वाजतो, झाडाला कुणी काही विचारत नाही.

विशाखाताईंना बंडीत, म्हणजे बैलगाडीत, गादी घालून आणलं होतं. बैल सोडलेले, बंडी लिंबाच्या सावलीत. पूजा चालू असताना मिलिंद आणि मी बांधावर उभे होतो. "आमच्यात पूजा नाही," तो मला सांगू लागला, "पूजा त्याइची, दहीभात सगळ्याइचा."

देवकाबाईंनी ते ऐकलं. साठीच्या, काटक, हात पूजेत आणि कान बांधावर. "दहीभातासाठीच येते हा," त्या मला म्हणाल्या. "लहानपनापासून पाहून राह्यली. पूजेच्या वक्ती बांधावर, वाढाच्या वक्ती पुढं."

मग भात वाढला गेला, आणि मी मिलिंदला म्हणालो की यंत्र आणलंच आहे तर आत्ता दाखव ना, ताई जेवतायत तोवर. अगदी सहज वाटावं अशा आवाजात म्हणालो. तिथं देवकाबाई होत्या, वेचायला आलेल्या बाया होत्या. सगळ्यांसमोर आवंढ्याला यान डावीकडे जावं, एवढंच मला हवं होतं.

मिलिंदनं आनंदानं पट्ट्या लावल्या. लॅपटॉप बंडीच्या दांडीवर टेकवला. आई एकेक घास भरवत होती आणि ताई यान नेत होत्या. पहिला आवंढा. यान सरळ. दुसरा. सरळ. बाया बंडीभोवती जमल्या. मला बघवेना म्हणून मी तोंड फिरवून कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात शिरलो, जणू मला कापूसच बघायचा होता.

देवकाबाई मागे आल्या. पाहुणा आलाच आहे तर त्याच्या हातानंही थोडी वेचणी होऊ द्या, म्हणून त्यांनी माझ्या कमरेला लुगड्याची ओटी बांधली. त्यांनी करून दाखवलं: दोन बोटं आत, अंगठा बाहेर, आणि कापूस पानाचा कचरा न लागता निघून येतो. मी बोंडाला हात घातला. सुकलेल्या पाकळ्यांची टोकं नखात शिरली. डोक्यात मिलिंदचं यान, बोटातून रक्त. मी चिडलो, दोन्ही हातांनी ओढलं, आणि झाड मुळासकट वर आलं. मी काळ्या मातीत बसलो, मांडीवर कपाशी.

"कापूस येचा म्हटलं होतं बावा, झाड नाही," देवकाबाई म्हणाल्या. आणि बंडीकडे वळून, "मिलिंदा, याइच्या हाती रॉकेट नको देऊ. उडाच्या आंधीच उपटून आनतीन."

विशाखाताई हसल्या. आधी नुसती हवा सुटल्यासारखा आवाज आला, मग तोंडातला भात ओठावर आला, मग डोळ्यांतून पाणी. आणि पडद्यावरचं यान, जे दारापासून हातभर राहिलं होतं, गर्रकन फिरलं आणि स्थानक सोडून काळोखात निघून गेलं.

मातीत बसल्या बसल्या मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. सापडलं. यंत्र हसण्यावर मरतं.

मी मिलिंदकडे पाहिलं. त्याची पडद्याकडे पाठ होती. तो बहिणीकडे बघत होता. आईनं वाटी खाली ठेवली होती. ताईंचं हसू थांबलं तेव्हा तो माझ्याकडे आला आणि त्यानं मला हात देऊन उठवलं.

"हे माह्यापाशी नोहतं भाऊ," तो म्हणाला. "तिचं खानं आहे, खोकनं आहे, उचकी आहे. रडनं तं गंज आहे, पाह्यजे तेवढं. हसनंच नाही. यंत्राले मी कुठून शिकवू? पडली तवापासून ते हसलीच नाही."

मग तो एकदम धावत बंडीशी गेला, नोंद नीट झाली का बघायला. झाली होती. पण थोडी. तिथूनच तो ओरडून मला म्हणाला, "भाऊ, अजून एक डाव पडा ना."

आणि मी पडलो. खरंच सांगतो, ओटी नीट करून पुन्हा तासात गेलो आणि पडलो. बाया हसल्या. ताई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, लागन." तो आवाज दयेचा होता.

परत

निघायच्या दिवशी नेरच्या स्टँडवरून मी प्रमुखांना फोन लावला. मिलिंद पलीकडे माझ्यासाठी संत्री निवडत होता, दाबून, वास घेऊन, विकणाऱ्याशी हुज्जत घालत. मी सगळं खरं सांगितलं. खाताना चालतं, बोलताना चालतं, आवंढ्यावर चालतं. कुठं चुकतं, त्यांनी विचारलं. हसण्यावर, मी म्हणालो. ते म्हणाले, यान सुटताना हसतंय कोण? घेऊन टाकू.

पुढे ते म्हणाले, काम मात्र तूच हाती घे. मिलिंदची युक्ती तुझ्या टोपात बसव, त्याला सल्लागार ठेवू. चाचणीला इथलीच तरुण मुलं घेऊ, रोज तिकडे कोण जाणार?

मी जे मागायला आलो होतो ते मला न मागता मिळालं. त्यांनी दोनदा हॅलो म्हटलं. त्या वेळी मला ताईंची नोकरी आठवली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला आठवली ती मिलिंदची पाठ. त्याचं यान डोळ्यांदेखत वाया जात होतं आणि तो तिकडे बघतही नव्हता. माझा टोप असा फुकट जात असता तर माझी आई हसली असती तरी मी पडद्यावरची नजर काढली नसती. म्हणजे काम त्याचंच आहे. हे मला कळलं, आणि कळल्यामुळे मत्सर जराही कमी झाला नाही, उलट तो अधिक नीट दिसू लागला.

"या कामाचा प्रमुख तो," मी म्हणालो. "आणि यंत्राला शिकवणार त्याची बहीण. तिलाच जमेल."

"आणि तू?"

"त्याच्या हाताखाली."

मिलिंद पिशवी घेऊन आला. त्याला काय ठरलं ते सांगितलं तर त्यानं मला मिठी मारली, आणि मी ती नीट परत केली नाही.

आता मी पुण्यात आहे. टोप कपाटात आहे, दारावरची पाटी काढली आहे. विशाखाताई रोज काम करतात आणि त्यांच्या नोंदी माझ्याकडे येतात. त्या वाचून खुणा करणं हे माझं काम. पडद्यावर नुसत्या रेषा असतात. खाणं मला आता लगेच ओळखता येतं, त्याची सारखी लाट असते. बोलणं तुटक. रडणं बारीक आणि लांब, ते कमी झालंय. हसणं आलं की सगळ्या रेषा एकदम उसळतात, आणि मी त्याच्यावर शब्द लिहितो: हसणं.

पट्ट्यांना आवाज पकडता येत नाही. त्या कशाला हसल्या, कुणी हसवलं, हे रेषांत येत नाही. मिलिंदला फोन करून विचारता येईल. मी विचारत नाही. परवाच्या नोंदीत तर हसणं इतकं लांबलं की पडदा पुरेना. मी खूण केली, पुढे गेलो, आणि परत मागे येऊन त्या रेषा बघत बसलो. त्या दिवशी तिथं कोण पडलं असेल?